आठशे दहा ताटं

इंग्रजीत एक जुनं क्रियापद आहे, ‘रीइम्बार्क’. अर्थ: सोडलेल्या जहाजावर पुन्हा चढणं. ज्या भाषेनं एवढ्याशा कृतीसाठी स्वतंत्र शब्द घडवला, तिला सूड म्हणजे काय हे पुरतं कळलेलं असणार.

हे क्रियापद गुणाजी परबाला पुरवलं ते मुलुंडच्या त्याच्या चाळीतले शेजारी दादू सामंत यांनी. दादूंनी समुद्र सोडा, पवईचा तलावही लांबूनच पाहिला होता. पण बत्तीस वर्षं हेडक्लार्की केल्यामुळे, जो शब्द कुणालाच कळणार नाही तोच अर्जात घालायचा, असा त्यांचा शिरस्ता होता.

गुणाजीला चढायचं होतं ते एकाच जहाजावर. तिथे तो भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. ८२ साली कॅप्टनसाठी राखून ठेवलेलं चीज बटलर चंद्रप्रकाशनं एकट्यानं संपवलं आणि नाव गुणाजीचं सांगितलं. जहाजावरून उतरताना खलाशाच्या बुकात वर्तणुकीचा शेरा मारतात. तिथे ‘व्हेरी गुड’ सगळ्यांनाच मिळतं, पिऊन डेकवर लोळणाऱ्यालाही. गुणाजीला मिळालं नुसतं ‘गुड’. बाहेरच्या जगात तो शब्द चांगला असेल. जहाजांच्या जगात त्याचा अर्थ, हा माणूस एक तर चोर आहे, नाहीतर सुरा चालवतो. पाच वर्षं एकाही कंपनीनं त्याला दारात उभं केलं नाही. भांडुपच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तो बटाटेवडे तळत राहिला आणि प्रत्येक वडा तेलात सोडताना चंद्रप्रकाशचं नाव घेत राहिला.

विष घालणं त्याला हलकं वाटायचं. विषानं माणूस एका जेवणात सुटतो. गुणाजीचा हिशेब वेगळा होता: नऊ महिन्यांचा करार, दिवसाला तीन ताटं, एकूण आठशे दहा. सगळ्या जहाजाला कोळंबीचं सुकं, तिरफळं घातलेला बांगडा. चंद्रप्रकाशला मात्र वेगळं रांधलेलं, ज्याला नावं ठेवायला जागा नाही आणि ज्यात जिभेला लागायला काही नाही.

पण बेचव रांधणं मालवणी हाताला फार जड जातं. हात आपसूक खोबऱ्याकडे वळतो. म्हणून सराव घरीच सुरू झाला, आणि खायला बायको, जानकी.

“ह्यां काय रांधलास? कागद उकडलास?”

“चव लागता काय गो?”

“खंयची चव? भिंत चाटल्यासारख्या वाटता.”

“खरां सांगतंस मां?”

“देवाशपथ! माज्यावर कसलो राग काढतास तुमी?”

गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी दाद त्याच्या मटणालाही कधी मिळाली नव्हती.

अर्ज गेला. कंपनीतल्या साहेबाला ‘रीइम्बार्क’ कळलं नाही, पण जहाजाचं नाव कळलं. चंद्रप्रकाश ताटं परत पाठवून शिव्या देतो म्हणून त्या जहाजावरचे तीन भंडारी वर्षभरात पळाले होते. साहेबानं बुकातल्या ‘गुड’वर बोट ठेवून गुणाजीकडे नीट पाहिलं.

“त्याच जहाजावर? स्वतःहून?”

“होय साहेब.”

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“होय साहेब.”

“मग सोमवारी ये सामान घेऊन.”

सोमवारी गुणाजी ताठ मानेनं शिडी चढला. चंद्रप्रकाश बराच वाळला होता. “अरे गुणाजी, तू? जुनं काही मनात नाही ना, यार?”

“छे छे, बटलरसाहेब. दुपारी तुमचं ताट मीच आणतो.”

आणलंही. पांढरा भात, पिवळं पाणी म्हणावं अशी डाळ, उकडलेला दुधी. मीठ असून नसल्यासारखं. गुणाजी दाराशी हात बांधून उभा राहिला. पाच वर्षं त्यानं ज्याची वाट पाहिली तो घास चंद्रप्रकाशच्या तोंडात गेला. चंद्रप्रकाशनं चमचा खाली ठेवला. डोळे मिटले.

चंद्रप्रकाशनं चमचा पुन्हा उचलला आणि ताट पुसून खाल्लं.

“साला, तुला कोणी सांगितलं रे? बाकीच्यांना बोंबलून बोंबलून थकलो, एकाला जमेना. रात्री पण हेच कर.”

चंद्रप्रकाशला तीन वर्षांपासून पोटाचा अल्सर होता. एडन येईपर्यंत त्याचं वजन दोन किलोनं वाढलं.