पाटीच्या कोपऱ्यातली तारीख

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एका आठवड्यात अख्खी बाजारपेठ रंगवली होती. एकशे बारा पाट्या. दुकानं संपली तेव्हा रस्त्यात उभ्या असलेल्या टेम्पोच्या मागे त्याच्या मालकाचं नाव, आडनाव आणि सासुरवाडीचा पत्ता लिहून टाकला.

"काहीही काय काका," शेजारची मुलगी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती, पर्स खांद्याला लावून. म्हणजे निघालीच होती.

आम्ही मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या लांब बाकावर होतो. आतला पेशंट बाहेर आला की तिचा नंबर. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला. अर्ध्या तासापूर्वी तिनं माझ्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घेतला होता, वाकडी काडी सरळ करून परत बसवला होता, आणि तेवढ्यात स्वतःची सगळी हकिगत सांगून मोकळीही झाली होती. दोन महिने सकाळी उठवत नाही. रडू येतं. ताई मागे लागली म्हणून आली. आणि जाता जाता, हसत हसत, उन्हाळ्यातली गंमत. तीन दिवस जवळजवळ न झोपता तिनं अख्ख्या गल्लीचे डोळे तपासले आणि चष्मे वाटले. ज्यांना नंबर नव्हता त्यांनाही.

"बस खाली," मी म्हणालो. "उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही ही."

ती बसली, पण अगदी टोकावर.

"डॉक्टरांना ते चष्म्यांचं सांगणार ना?"

"ते कशाला? बरी नसते तेव्हाचं सांगायचं ना डॉक्टरला. तेव्हा तर मी मस्त होते."

"हीच चूक मी नऊ वर्षं केली," मी म्हणालो आणि मांडीवर मूठ आपटली. एकदा इकडे, एकदा तिकडे.

मग मी तिला सांगितलं. मी पाट्या रंगवणारा. लोक मला 'ब्रश' म्हणतात. एकशे बारा पाट्यांनंतर मी भिंतीकडे तोंड करून पडलो तो दोन महिने पडलो. ब्रश धुवायचं बळ नाही, ते डब्यातच वाळून काठ्या झाले. डॉक्टरकडे गेलो. काय होतंय? म्हटलं, कशातच मन लागत नाही. त्यांनी डिप्रेशन लिहिलं, गोळी दिली. त्यांचा काय दोष? मी जेवढं दाखवलं तेवढं त्यांनी पाहिलं. फार आनंद होतोय हो, काहीतरी औषध द्या, असं म्हणत दवाखान्यात कोण जातं?

"मग गोळीनं बरं वाटलं?"

"इतकं बरं वाटलं की तीन आठवड्यांत मी पाण्याच्या टाकीवर होतो. किराणावाल्याचं नाव लिहायला. अक्षर एवढं मोठं की खालून नुसता काना दिसायचा. किराणावाला म्हणाला, हा खांब कोणी काढला?"

ती हसली. मग म्हणाली, "खाली कसे आलात?"

"अग्निशमनवाल्यांनी आणलं. शिडीची एक पायरी तुटकी होती. बायको खाली उभी होती." इथं मी काही वाढवून सांगितलं नाही.

नंतर हे आतले डॉक्टर भेटले. त्यांनी आधी रक्त काढलं, थायरॉइड पाहिलं, दुखणं तिथलं तर नाही ना म्हणून. ते सगळं ठीक निघालं. मग विचारलं, "असे चार-सहा दिवस कधी आले होते का, की झोप थोडी आणि तरी थकवा नाही, विचार धावतायत, तोंडाला खळ नाही?" मी म्हणालो, नाही. प्रामाणिकपणे म्हणालो. मला वाटायचं, त्या दिवसांतला मीच खरा मी. त्यात आजार कुठला?

"पण बायको पोस्टात होती," मी म्हणालो. "तीस वर्षं शिक्के मारले. तारखेशिवाय तिला जगात दुसरं काही दिसत नाही. आणि माझी एक सवय. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, मोहरीएवढ्या आकड्यांत, त्या दिवसाची तारीख. तिनं उसनी शिडी घेतली, वही घेतली आणि बाजारपेठ पालथी घातली. लोकांना वाटलं, आता हिलाही लागलं. सगळ्या तारखा ओळीनं मांडल्या. दहा दिवसांत चाळीस पाट्या. मग सत्तर दिवस कोरे. मग आठवड्याला तीन, चार, नीटस. मग एकदम एकशे बारा, सगळ्या सोनेरी. पुन्हा कोरं. नऊ वर्षांचं हे असं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पानं उलटत राहिले. म्हणाले, रक्तात सापडत नाही ते या वहीत आहे. मग घरच्यांना विचारलं, झोपेचं विचारलं, आणखी दोनदा बोलावलं, आणि मग सांगितलं, बायपोलर. वर जाणं आणि खाली येणं, दोन्ही मिळून एकच दुखणं."

"घाबरलात?"

"नाही. मी विचारलं, म्हणजे मी आळशी नाही?"

पर्सचा पट्टा तिनं बोटाला गुंडाळला.

"घरात सगळे आळशी म्हणायचे," मी म्हणालो. "बायकोसुद्धा. एकदा तर पाहुण्यांसमोर. तिला ते अजून खातं."

मी उगाच चष्मा काढून पुसला. मुलगी माझ्याकडे जरा जास्तच निरखून पाहायला लागली, म्हणून मी घाईनं पुढे गेलो. औषध बदललं. डोस जमायला वेळ लागला, मध्ये हात थरथरायचा, सरळ रेघ येईना. नंतर दोनदा तोल गेलाही. पण वही चालू होती, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कळलं. आता अकरा वर्षं झाली. आठवड्याला तीन-चार पाट्या.

"आणि सोनेरी रंग?"

"आहे की. फक्त डबा उघडायच्या आधी घरात विचारायचं."

तिनं फोन काढला.

"ताई, कुठंयस? अगं, दुकानात डोळे तपासल्याची कार्डं आहेत ना, तारखा घातलेली, तो खोका घेऊन ये. सगळा. मागच्या वर्षीचाही. आणि ऐक, मी आत गेलेली असले तरी तूपण सरळ आत ये. मी काही लपवलं तर बोल." मग जरा थांबून, "नाही, पळून नाही जात. एका काकांनी धरून ठेवलंय."

तेवढ्यात दार उघडलं आणि आमची ही बाहेर आली. पुढच्या महिन्याच्या गोळ्यांचा कागद घडी करून पिशवीत टाकला. भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी तिरकी लटकत होती, ती दोन बोटांनी सरळ केली, अक्षराकडे बघून च् च् केलं.

"अहो, चला. कोणाचं डोकं खाताय आता?"

"ही आमची पोस्टातली," मी मुलीला म्हणालो आणि मांडीवर मूठ आपटली, एकदा इकडे, एकदा तिकडे.

आतून मुलीच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली. तिनं हिच्या नखांतल्या पिवळ्या रंगाकडे पाहिलं, हिच्याच चष्म्याच्या काचेवरच्या सोनेरी ठिपक्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे.

"खोटं बोललात काका," ती म्हणाली. "एकदा शाईवर, एकदा पाकिटावर. पाट्या काकूंच्या, शिक्के तुम्ही मारायचात."