झुंबरबाईंनी पाणबुडी बघितली

कागल भागात झुंबरबाईंचं नाव काढलं की मुलाकडची माणसं आधी मोरी घासायला घ्यायची. मुलगी द्यायच्या आधी मुलाचं घर बघायचं, ही रीत सगळ्यांचीच. पण बाकीची मंडळी येतात, चहा पितात, भिंतीवरच्या फोटोंकडे बघून मान हलवतात आणि उठतात. झुंबरबाई पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालायच्या. घागर उचलून तिच्या बुडाखाली शेवाळ आहे का ते बघायच्या. नातीला आलेलं एक चांगलं बागायतदाराचं स्थळ त्यांनी नुसत्या चुलीवरून मोडलं होतं. एकाच छपराखाली दोन चुली पेटलेल्या दिसल्या, तशा त्या पायात चपला घालूनच उभ्या राहिल्या. "दोन चुली म्हंजे भावाभावाचं पटंना झालंय. आमची पोरगी कुठल्या चुलीला फुकणी घालणार?" एवढं बोलून त्या गाडीत जाऊन बसल्या.

तर अशा झुंबरबाई मंगळवार पेठेत शालूच्या घरी येणार होत्या.

शालू ब्लाउज शिवायची. नवरा आकाराम शिरोलीच्या फाउंड्रीत लाकडी साचे करायचा. आई गेल्यावर धाकट्या जोतीरामला शालूनंच वाढवलं होतं, आणि आता नौदलात लागलेला हा भाऊ रजेवर आला होता. लग्न ठरवूनच परत जायचं, असं शालूनं त्याला बजावलं होतं. झुंबरबाईंच्या नातीला, विजयमालाला, बघायला गेले तेव्हा जोतीरामनं पोह्यांची बशी हातात धरली ती उठेपर्यंत तशीच. निघताना मालानं शालूला कुंकू लावता लावता हळूच विचारलं, "आक्का, ह्ये रोज एवढंच बोलत्यात, का आज घाबरल्यात?"

शालूनं तिथंच मनाशी ठरवलं, भावजय करायची तर हीच.

झुंबरबाई आल्या. मुलाला, म्हणजे मालाच्या वडिलांना, खुर्चीत बसवून त्या स्वतः घरभर फिरल्या. पीठ चाळलेलं निघालं. घागरीचं बूड लखलखीत होतं. मोरीपाशी तर त्या दोनदा वाकल्या आणि काही न बोलता सरळ झाल्या. शालूचा जीव भांड्यात पडला. चहा झाला, सुपारी कातरून झाली, आणि उंबऱ्याशी चपला घालता घालता म्हातारी थांबली.

"घर झ्याक हाय. पर पोरगं ह्यात ऱ्हातंय कुठं? वर्सातनं म्हैनाभर येतंय न्हवं?"

"व्हय आज्जी," जोतीराम म्हणाला. "मी पाणबुडीवर असतो. तिकडं विशाखापट्टणमला."

"मग त्ये घर बघाय नगं?"

"त्ये पाण्याखाली असतंय."

"आसंना का! आमच्या हिरीचं पाणी काय आभाळात हाय? वाकून बघतोच की."

मालाचे वडील खाली मान घालून हसू दाबत होते. जोतीरामनं सांगितलं की तिथं बायामाणसांना जाऊ देत नाहीत, कुणालाच जाऊ देत नाहीत.

"मग मी बी पोरगी जाऊ देत न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "घर बघितल्याबिगार सोयरीक करायची आमच्यात रीत न्हाय. पुढच्या आठवड्याला येतो. दावायचं आसंल तर दावा."

त्या गेल्या. जोतीराम पायरीवर बसला तो उठेना. चार वेळचा चहा मागून घेणारा माणूस, त्या संध्याकाळी कप पुढं ठेवला तरी बघेना. आकाराम म्हणाला, "पाव्हणं, पाणबुडी रंकाळ्याच्या तळ्यात आणता येत्या का बघा." तरी तो हसला नाही.

शालूची नजर मात्र रेडिओवर गेली. रेडिओवर एक खोका होता. बंदरावरच्या एका परदेशी खलाशाकडून जोतीरामनं आणलेला. आत प्लास्टिकची पाणबुडी होती, सुटी सुटी. वेलीला शेंगा लागाव्यात तसे तिचे भाग करड्या काड्यांना लगडलेले होते. जोडून काढली की चांगली हातभर लांब होणार होती. शोभेला ठेवू म्हणून त्यानं आणली आणि अजून कुणी जोडली नव्हती.

शालूनं खोका खाली काढला, पाणबुडीचे दोन अर्धे भाग भुईमुगाची शेंग फोडावी तसे हातात धरले आणि आत बघितलं. आत काहीच नव्हतं. नुसती पोकळी.

"जोत्या, हिच्यात घर करायचं."

"कुणी?"

"मी करतो की. रोज बायकांच्या अंगात बसंल असं शिवतोय, हिच्या पोटात बसंल असं करायला काय झालं? तू फक्त आत काय काय असतंय त्ये सांग."

जोतीराम ताठ झाला. "आक्का, त्ये सांगायचं नसतंय आमाला."

"बहिणीला बी?"

"कुणालाच न्हाय."

झालं! घर दाखवायचं, पण घरात काय आहे ते विचारायचं नाही. शालूनं विचार केला आणि ती म्हणाली, "बरं, तू सांगू नको. मी आपली मनानं करतो. तू नुसता हितं बस."

खोक्यातली डिंकाची नळी वाळून दगड झाली होती. आकारामनं कारखान्यातून साच्यांच्या रंगात घालायचं थिनर बाटलीत आणलं. त्यात त्या करड्या काड्यांचे तुकडे टाकले की ते विरघळून दाट चीक व्हायचा आणि प्लास्टिकला प्लास्टिक पक्कं धरायचं. पहिल्याच दिवशी शालूच्या हातून तो जरा जास्त सांडला. शेपटीकडचा भाग लोण्यासारखा मऊ झाला आणि तिच्या अंगठ्याचा ठसा त्यात कायमचा बसला. घासून जाईना. ती हळहळली, पण पुढं कामाला लागली.

मग सुरू झाली गंमत. शालू पुढच्या टोकाला पलंग धरून बघायची आणि जोतीरामला खोकला यायचा. पलंग मधे सरकवला, की खोकला जरा कमी. एकावर एक असे तीन लावले, की तो म्हणायचा, "आक्का, चहा हाय का गं?" दोन दिवसांत तिला भाषा कळली. खोकला म्हणजे चूक, चहा म्हणजे बरोबर. त्या आठवड्यात घरात साखर पुरेना झाली.

आगकाडीचे पलंग झाले. जुन्या मोटारीच्या तांब्याच्या तारेचे नळ भिंतींवरून फिरले. ब्लाउजची अगदी बारकी टिचबटणं नळांवर बसली, फिरवायची चाकं म्हणून. साबुदाण्याचे अर्धे तुकडे करून त्यावर सुईनं काळा काटा काढला, ती झाली घड्याळं. स्टोव्हची पिन वर निघाली, ती पाण्याबाहेर डोकावून बघायची दुर्बीण. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिली तोडून टॉर्पेडो म्हणून पुढच्या खोलीत ठेवल्या तेव्हा जोतीराम खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आलं घातलेला मिळंल का?"

खिडकीवरूनच भांडण झालं. शालूनं तापवलेल्या खिळ्यानं पाणबुडीच्या कुशीला ओळीनं खिडक्या पाडायचं ठरवलं होतं. खिळा टेकवायच्या आत जोतीरामला एवढा खोकला आला, की आकाराम पाणी घेऊन धावला.

"जोत्या, खिडकी नसलेलं घर म्हातारी बघंल का? जरा चांगलं दिसू दे की. तिला काय कळतंय!"

"आक्का," तो पहिल्यांदाच सरळ बोलला, "मालाला ह्यात मन ठेवून दिवस काढायचेत. खोट्या खिडकीतनं तिला काय दिसणार?"

शालूनं खिळा बाजूला ठेवला. तिनं आगकाडी तासून नखाएवढा माणूस केला होता, त्याला मधल्या खोलीत उभा करून बघितला. मग एका खोलीतून दुसरीत न्यायला गेली, तर मधलं दार असं गोल आणि लहान, की माणूस वाकवूनच न्यावा लागला. पलंगावर ठेवला, तर नाकावर वरचा पलंग. तिच्या जोत्याला लहानपणी अंगणात हातपाय पसरून झोपायची सवय! तिनं डोळ्याला पदर लावला. आणि गंमत अशी, की जोतीराम मात्र खुशीत होता. जिथं तो खरंच राहतो ते बहिणीला बघायला मिळालं होतं, आणि त्यानं तोंडातून एक शब्दही काढला नव्हता.

"राहू दे मग जसं हाय तसं," शालू म्हणाली. "मोडली सोयरीक तर मोडली." असं म्हणाली खरी, पण स्वयंपाकखोलीत जाऊन तिनं अंबाबाईला नारळ बोलला.

झुंबरबाई ठरल्या दिवशी आल्या. या खेपेला संगं माला होती.

"मला बारीक दिसत न्हाय," म्हातारी म्हणाली. "नात बघून सांगंल."

शालूनं पाटावर पाणबुडी ठेवली आणि शेंग उघडली. माला खाली वाकली. मग एकदम, "आज्जे, केवढं काय काय हाय गं ह्यात!"

"बाजारात आल्यागत करू नको. पुढनं सांग. दार?"

"दार वरनं हाय. शिडीनं उतरायचं."

"आपल्या धान्याच्या पेवासारखं. बरं. खिडक्या?"

शालूनं मनातल्या मनात अंबाबाईला आणखी एक नारळ बोलला.

"एक बी न्हाय," माला म्हणाली.

"मग उकडत आसंल."

सगळ्यांनी जोतीरामकडे बघितलं. तो वर आढ्याकडे बघत म्हणाला, "आक्का, चहा टाकतीस?"

"उकडतंय," शालू म्हणाली. "लई उकडतंय."

"खरं बोललीस. झोपायचं?"

"एकावर एक, आज्जे. रचून ठेवल्यागत. पलंगाखाली पोती हायत." मिरीचे दाणे चिंधीत बांधून शालूनं ती केली होती.

"कसली पोती?"

"कांदं-बटाटं असणार," शालू म्हणाली. "ठेवायला दुसरी जागा कुठं हाय?"

"पलंगाखाली कांदं! आमच्यागतच की." झुंबरबाईंनी मान हलवली, पण कपाळाची आठी काही गेली नाही. "न्हाणी?"

"एवढीशी. पाणी जपून वापरत्यात," शालू म्हणाली.

"समुद्रात ऱ्हाऊन? बरं, चूल?"

माला आणखी वाकली. तिची वेणी पाटावर आली. "हितं हाय. कोपऱ्यात."

"आन् दुसरी?"

"एकच हाय."

"नीट बघ. माणसं किती असत्यात रं, पोरा?"

जोतीराम घोटाळला. आकडा सांगायचा नव्हता. "आपल्या गल्लीत असतील एवढी, आज्जी."

"आन् चूल एकच?"

"एकच."

"भांडण हुईत न्हाय?"

"भांडायला जागाच न्हाय, आज्जी. एक रुसला तर त्याला जायाचं कुठं? समोरच्याच्या मांडीवर!"

आधी मालाचं हसू फुटलं. मग झुंबरबाई हसायला लागल्या, त्या पदर तोंडाला लावून हलायलाच लागल्या. "आमच्या वाड्यात सतरा खिडक्या हायत," त्या म्हणाल्या, "आन् चार चुली. सख्खं भाऊ एकमेकाला वळखत न्हाईत. हितं गल्लीभर माणसं एका चुलीवर खात्यात!"

त्यांनी पाणबुडीवरून हात फिरवला. बोटांना शेपटीकडचा ठसा लागला. "ह्ये काय गं?"

"माझा अंगठा हाय त्यो," शालू ओशाळून म्हणाली. "चुकून बसला."

"आसू दे. बाईचा हात लागलेला दिसतोय घराला." आणि जरा वळून, "माले, नांदशील न्हवं? तुला काय ह्यात ऱ्हायचं न्हाय, पर नवरा ह्यात असणार."

माला पाटाकडेच बघत होती. "त्यांचा पलंग कुठला?" तिनं विचारलं.

शालूला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं अंदाजानं मधल्या पलंगावर बोट ठेवलं. जोतीरामनं खोकला काढला नाही, चहाही मागितला नाही. नुसता हसला.

लग्न कागलला झालं. रुखवत मुलीकडचा असतो, पण झुंबरबाईंनी हट्टानं पाणबुडी मागून नेली आणि चकल्या-अनारशांच्या मधोमध उघडी मांडली. वऱ्हाड जेवण सोडून ती बघायला गोळा झालं. शालूही वाकली, आपलंच काम आपण परत बघावं म्हणून. मधल्या पलंगावर तिनं न केलेली एक वस्तू होती. अंगठ्याच्या नखाएवढी वाकळ, सात रंगांच्या चिंध्यांची, बारीक धावदोऱ्याची, आणि तिच्याखाली आगकाडीचा माणूस गळ्यापर्यंत पांघरून झोपलेला.

शालू वर बघते तो बोहल्यावरून मालाची नजर तिच्याकडेच होती, मुंडावळ्यांच्या आडून.

तेवढ्यात मागून झुंबरबाईंचा आवाज आला. एका पाव्हण्यानं झाकण लावून बघायला हात पुढं केला होता.

"ओ पावणं! हात काढा! माझा नातजावई झोपलाय आत!"