खीरदानाचा फ्लेक्स

प्रेमिलाबाईंच्या अंगणातला कूलर दिवाळीपासून एका फ्लेक्सखाली झाकलेला होता, आणि तो फ्लेक्स त्यांनी मुद्दाम उलटा टाकला होता. पांढरी बाजू बाहेर, छापील बाजू आत. आत त्यांचा नातू विक्की गॉगल लावून हसत होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'निर्दोष सुटल्याबद्दल विक्कीभाऊचे हार्दिक अभिनंदन! आषाढ पौर्णिमेला विहारात खीरदान.'

आणि विक्की तुरुंगात होता.

झालं होतं ते असं. विक्की वाडीतल्या एका गोदामात कामाला होता. तिथून माल चोरीला गेला आणि आळ त्याच्यावर आला, कारण कुलूप त्याने लावलं होतं. दुसरी किल्ली मॅनेजरकडेही असायची, हे कोणी धड विचारलंच नाही. निकालाच्या दिवशी न्यायाधीश हळू आवाजात इंग्रजीतून काहीतरी बोलले. वकिलाच्या हाताखालच्या पोराने विक्कीच्या कागदांवर सह्या घेतल्या, "महिन्याभरात ऑफिसात या," म्हणाला आणि दुसऱ्या कोर्टाकडे पळाला. संध्याकाळी विक्की घरी.

तो घरी आला, आणि प्रेमिलाबाईंना गिरणीचा संप आठवला. त्यांचे यजमान लहानू तेव्हा संपाच्या केसमध्ये अडकले होते. ज्याच्यावर गुन्हा शाबीत होई त्याला पोलीस कोर्टातूनच गाडीत घालून नेत. बायका भाकरीचे डबे घेऊन गाडीमागे धावत. जो सुटे तो पायी चालत फाटकातून बाहेर येई. लहानू तसेच आले होते. मग दोघांनी सीताबर्डीवर टपरीशी उभ्याउभ्या चहा घेतला होता, आणि लहानूंनी बशी आधी त्यांच्यापुढे केली होती.

"गाडीत नाही नेलं ना? घरी आला ना? मंग सुटला," असं प्रेमिलाबाईंनी वस्तीला सांगितलं. वस्तीत त्यांचा शब्द मोठा. विक्कीनेही तो खरा मानला. मित्रांनी फ्लेक्स लावला, पौर्णिमेला विहारासमोर चुलीवर खिरीचा मोठा गंज चढला आणि सगळ्यांनी पोटभर खीर खाल्ली.

दिवाळीच्या तोंडावर पोलीस शिक्षेचं वॉरंट घेऊन आले आणि विक्कीला घेऊन गेले.

"शिक्षा कमी असली की अपील करता यावं म्हणून खालचं कोर्ट जामिनावर घरी पाठवतं, आजी," नव्या वकील नूपुरने समजावलं. "अपिलाला महिनाभराची मुदत. ती केव्हाच गेली."

"मंग आता?"

"आता आधी उशिराचं कारण कोर्टाला पटायला हवं. नाही पटलं तर मुदतीबाहेरचं म्हणून अपील फेटाळतात. किल्लीबद्दल कोणी शब्दही ऐकणार नाही."

कोपऱ्यात फायली बांधत बसलेले मुनशी भैय्याजी म्हणाले, "टायफॉइड लावून टाकू, मॅडम. सर्टिफिकेट मी आणतो."

"भैय्याजी, तुमच्या टायफॉइडने अर्धं नागपूर आजारी पडलंय," नूपुर म्हणाली.

प्रेमिलाबाईंचा जीव क्षणभर त्या सर्टिफिकेटात अडकला. मग त्याच म्हणाल्या, "पण तो त्या दिवसांत अख्ख्या वस्तीले खीर वाढून राहिला होता. टायफॉइडचा माणूस खीर वाढते का गा भैय्याजी?"

"कुठली खीर?" नूपुरने विचारलं.

प्रेमिलाबाईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. फ्लेक्सचंही सांगितलं. नूपुरने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तो फ्लेक्स आहे अजून?"

सुनावणीच्या दिवशी शेजारच्या शोभाताईंनी फ्लेक्सची गुंडाळी उचलायला हात लावला. "काहून वं प्रेमिला, आपली फजिती आता साहेबालेही दाखवशील का?"

"दाखवीन. पोरगा आत हाय माझा."

सत्र न्यायालयात सरकारी वकील म्हणाले, "आरोपीला शिक्षा माहीत नव्हती, हे कोणाला पटेल? असा फ्लेक्स तर आज सकाळीही छापून मिळतो."

"रंग बघावेत, साहेब," नूपुर म्हणाली. तिने आणि भैय्याजींनी फ्लेक्स उलगडून धरला. पावसाळाभर चौकात टांगलेल्या त्या फ्लेक्सवरचा लाल रंग उडून गेला होता. विक्की निळा पडला होता, गॉगलसकट. "छापून आज मिळेल. एवढा ऊन-पाऊस आज सकाळी कुठून मिळणार?"

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशांनी चष्मा वर करून तळाशी छापलेली तारीख वाचली. मग प्रेमिलाबाईंना पुढे बोलावलं.

"आजी, सुटला असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, साहेब. मीच ठरवलं. आमच्या वेळी शिक्षा झालेल्याले गाडीत नेत होते. हा पायी घरी आला. चूक माझी हाय. त्याची शिक्षा त्या पोराले काहून?"

"शिक्षा झाल्याचं माहीत असलेला माणूस चौकात स्वतःचं असं अभिनंदन लावू देणार नाही," न्यायाधीश सरकारी वकिलांना म्हणाले. उशीर माफ झाला. अपील दाखल करून घेतलं, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत विक्कीला जामीन.

दोन दिवसांनी तुरुंगाच्या फाटकातून विक्की पायी चालत बाहेर आला. शोभाताईंनी लगेच विचारलं, "मंग, दूध सांगू का वं खिरीचं?"

"थांब वं बाई!" प्रेमिलाबाई ओरडल्या आणि नूपुरकडे वळल्या. आता त्या विचारल्याशिवाय काही ठरवणार नव्हत्या. "पोरी, हा सुटला का?"

"अजून नाही, आजी. पण आता किल्लीचं ऐकतील."

"ऐकतील ना? मंग बस्स." त्यांनी विक्कीचा हात घट्ट धरला. "सीताबर्डीवर चल. खीर मंग पाहू. आज फक्त चहा."

टपरीवर त्यांनी बशीत चहा ओतला आणि आधी विक्कीपुढे केला.