मोरोक्कोच्या एक पायरी वर

विभागप्रमुख सी लाझर स्वतः मकरूद या खजूर भरलेल्या मिठाईचं ताट फिरवत विभागातल्या तरुण संशोधक रौदापाशी आले, तेव्हा तिने हात मागे घेतला. तिला शिसारी आली होती. ट्यूनिसच्या त्या अर्थशास्त्र विभागात आज नुसता आनंदीआनंद होता. कोणत्या देशाच्या लेखांचा संदर्भ जगभरच्या संशोधकांनी किती वेळा दिला, याची नवी मोजणी जाहीर झाली होती आणि ट्यूनिशिया मोरोक्कोच्या एक पायरी वर गेला होता. सगळा प्रताप सी लाझरांच्या एकाच लेखाचा.

आणि तो लेख म्हणजे शुद्ध बावळटपणा होता. कासरीनकडच्या गरिबांच्या घरी खायला मुबलक असतं, पावावरचं सरकारी अनुदान कमी केलं तरी चालेल, असा त्याचा निष्कर्ष. घरोघरी विचारपूस केली होती कधी, तर रमजानमध्ये! शेजारीपाजारी एकमेकांकडे ताटं पाठवतात, उसनवारी करून का होईना, संध्याकाळचं जेवण भरगच्च होतं, तो महिना. त्याला या गृहस्थांनी सरळ बाराने गुणलं. मग पाहणी कशी करू नये याचा नमुना म्हणून जो तो त्या लेखाचं नाव घेऊ लागला. मोजणाऱ्यांना काय, शिवी आणि शाबासकी सारखीच.

रौदाचं माहेर कासरीनचं. मंत्रालयाची समिती आता हाच ‘देशातला सर्वाधिक गाजलेला लेख’ पुढे करून अनुदानाला कात्री लावायला निघाली होती.

“सी लाझर, लेख मागे घ्या,” ती सगळ्यांदेखत म्हणाली.

“वेडी का काय तू? मोरोक्कोवाले नाचतील!”

“अहो, पण चूक आहे ती!”

“असेल. मग लिही की माझ्याविरुद्ध. मागे लिहिलंस, तेही मोजलं गेलंय बरं का. आणखी लिही, पोरी. चांगलं झोडून काढ. फक्त वर्ष संपायच्या आत छापून आण.”

खोलीत हशा पिकला. रौदाला स्वतःच्याच लेखाची किळस आली. खोडायला जावं, तर हा माणूस आणखी फुगतो!

या वेळी ती विद्वानांच्या नियतकालिकाकडे फिरकलीच नाही. कासरीनच्या बायकांना रमजान सरल्यावर घरात काय शिजतं ते विचारलं आणि सी लाझरांचा हिशेब कुठे चुकला ते घरी बोलतात तशा भाषेत रोजच्या वर्तमानपत्रात लिहून टाकलं. बेकऱ्यांपुढच्या रांगांत लोकांनी ते मोठ्याने वाचलं. रेडिओवर मंत्र्याला जाब विचारला गेला. समितीने प्रस्ताव गुंडाळला.

त्याच संध्याकाळी सी लाझरांचा फोन आला. आता तरी या माणसाला लाज वाटली असेल, असं तिला वाटलं. पण ते भडकले होते.

“काय केलंस हे, पोरी? पानभर मजकूर माझ्यावर, आणि छापलास वर्तमानपत्रात? ते कोण मोजतं? चांगला संदर्भ वाया घालवलास!”

“लोकांचा पाव वाचला, सी लाझर.”

“वाचला असेल गं. पण मोरोक्कोचं काय?”