आयुषचे नऊ तक्ते

पाण्याच्या कोपऱ्यात एक निळा टब होता, सात पेले, चार बाटल्या, दोन गाळण्या आणि एक लाल नरसाळं. त्याशिवाय ठोकळ्यांचा कोपरा, भातुकलीचा कोपरा आणि वाण्याचं दुकान. मुलं सव्वीस. श्रद्धाताई एक.

हिंजवडीच्या अलीकडच्या त्या बालवर्गात पाटी-पुस्तक नव्हतं. मुलांनी खेळायचं आणि ताईंनी मध्ये न पडता बघायचं, अशी तिथली रीत. प्रत्येक मुलाकडे आठवड्यातून एकदा, घड्याळ लावून दहा मिनिटं बघायचं आणि दिसेल ते जागच्या जागी तक्त्यात लिहायचं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या श्रद्धाला या नोकरीत आवडलं होतं ते नेमकं हेच. कॉलेजात मनानेच रीडिंग्ज लिहिणाऱ्या मैत्रिणीशी ती महिनाभर बोलली नव्हती.

पण सव्वीस मुलं. त्यात कुणाची चड्डी ओली, कुणाचा डबा सांडलेला. आयुष मात्र रोज टबाशी आणि रोज तेच: पाणी भर, ओत, पुन्हा भर, पुन्हा ओत. पहिले दोन आठवडे तिने त्याला नीट पाहिलं. मग दुपारी मुलं गेल्यावर, चहा पिता पिता, त्याचा तक्ता आठवणीने भरला जाऊ लागला. 'पाणी ओतणे. तीच क्रिया. हेतू दिसत नाही.' असे एकूण नऊ तक्ते झाले, आणि त्यांच्या जोरावर तिने शिफारस लिहून तक्त्यांसकट त्याच्या घरी पाठवली: आयुषला आणखी एक वर्ष लहान गटात ठेवावं.

तीन आठवड्यांनी, २००९ च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, आयुषची आई शर्मिला ते तक्ते घेऊन आली. ती एका कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हेच तिचं काम. मुख्य शिक्षिका शैलाताईंच्या टेबलावर तिने नऊ कागद तारखेप्रमाणे मांडले.

"नऊ जानेवारी. दहा मिनिटं पाणी ओतलं, असं लिहिलंय."

"हो," श्रद्धा म्हणाली.

"त्या दिवशी आयुष दवाखान्यात होता, ताई. सलाइन लावलं होतं. तिथे ओतायला फारसं काही नसतं."

श्रद्धाचे कान तापले. "तारीख चुकली असेल."

"असेल. मग हे तीन बघा. शब्द न् शब्द सारखे. आमच्याकडे असं दिसलं की आम्ही समजतो, टेस्ट झालेलीच नाही, जुनी चिकटवलीय."

शैलाताईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "श्रद्धाताई, यातले बघून लिहिलेले किती?"

अजूनही खोटं बोलायला जागा होती. 'सहा' म्हटलं असतं तर कुणालाच ते खोडता आलं नसतं. टेबलाच्या कडेकडे बघत ती म्हणाली, "दोन."

"आणि शिफारस नऊंवरून केलीत. गणित चांगलं आहे आपलं," शैलाताई म्हणाल्या.

शर्मिला मात्र हसली नाही. तिचा आवाज खाली आला. "तुमचा कागद आला त्याच दिवशी मी घरातले पेले, बाटल्या सगळं माळ्यावर टाकलं. त्याच्या बाबांनी सांगितलं, पाण्याशी खेळलास तर मित्र पुढे जातील, तू एकटा मागे राहशील. त्याआधी तो मला शिकवायचा हो. म्हणायचा, आई, नरसाळं गच्च बसवलं की पाणी आत जात नाही. जरासं उचलायचं. बाटलीला ढेकर द्यायला जागा लागते."

बाटलीतली हवा बाहेर पडल्याशिवाय पाणी आत शिरत नाही, हे श्रद्धा पुस्तकात शिकली होती. साडेचार वर्षांच्या मुलाने ते तिच्यापासून पाच फुटांवर शोधून काढलं होतं, आणि त्याच्या नावापुढे तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: हेतू दिसत नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"माझंही. तपासणं माझं काम, आणि त्या दिवशी मी फक्त शेवटची ओळ वाचली."

शैलाताईंनी कागद गोळा केले. "तुम्ही त्याला घरी सांगा, पाण्याशी खेळायला आता कुणाची ना नाही. आणि श्रद्धाताई, सोमवारी बघा त्याच्याकडे. खरोखर बघा. गटाचं मग ठरवू."

सोमवारी श्रद्धाने टब काठोकाठ भरला, भांडी मांडली आणि बुटक्या स्टुलावर घड्याळ घेऊन बसली. आयुष आला. 'खेळ ना राजा,' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण मध्ये पडायचं नाही, हा नियम होता आणि या वेळी तिला तो मोडायचा नव्हता. दिसेल ते, दिसेल तेव्हा, ती लिहीत गेली.

टबाजवळ उभा: दहा मिनिटं. हात पाठीमागे: दहा मिनिटं. पाण्याला स्पर्श: शून्य वेळा. ताईंकडे पाहिलं: चौदा वेळा.