इस्त्रीच्या दुकानातली रेकॉर्ड

मी बोलतेय. पण माझी एक अडचण आहे. सुई टेकल्याशिवाय माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही, तेव्हा हे तुम्ही मनातल्या मनात ऐका. मी एक रेकॉर्ड आहे. काळी, गोल, मध्ये भोक. दिसायला आम्ही सगळ्या सारख्याच, पण जिचा आवाज माझ्या अंगावर कोरलाय त्या गायिकेची मी पहिली रेकॉर्ड. पहिलेपणाचा थोडा तोरा माझ्यात आहे, तो चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. काळे दाणे तापवून त्यांचा मऊ गोळा केला, त्याच्या वर-खाली कागदी लेबलं ठेवली आणि दोन साच्यांमध्ये असं काही दाबलं की विचारू नका. साचे उघडले तेव्हा मी चपटी झाले होते आणि माझ्या अंगभर गाणी उमटली होती. तिथे एक तपासनीस बाई होती. ढिगातली एखादीच रेकॉर्ड उचलायची आणि वाजवून बघायची. माझ्या आधीची उचलली, माझ्या नंतरची उचलली, मला काही तिनं हात लावला नाही. म्हणजे गाणी माझ्या अंगावर होती, पण मी स्वतः ती ऐकलेली नव्हती. स्वतःचा आवाज न ऐकता आयुष्य काढायचं म्हणजे काय, ते मला विचारा.

गाण्यांमागची हकीकत मात्र मला ठाऊक होती. मूळ टेपनं ती साच्याला सांगितली, साच्यानं मला. आमच्या घराण्यात गोष्टी अशाच चालत येतात.

तर ही गायिका एका इस्त्रीच्या दुकानात वाढली. आई लवकर गेली, मग मावशीनं तिला सांभाळलं. इस्त्रीच्या टेबलाखाली तिचं अंथरूण असायचं, आणि वर मावशीची इस्त्री धप् धप् चालायची. मावशी बोलायला कडक. लाड करायचे तर तेही रागावूनच करायची. पण शर्टाची कॉलर इस्त्रीला घेतली की मिटल्या ओठांनी एक चाल गुणगुणायची. आपण गुणगुणतो हे तिचं तिला माहीत नव्हतं. टेबलाखालच्या पोरीला मात्र पहिलं गाणं तिथेच मिळालं.

पोर मोठी झाली आणि म्हणाली, मला गायला जायचंय. मावशीनं दुकान तिच्यासाठीच उभं केलं होतं. तिच्या जिवाला ते फार लागलं. "जायचंय तर जा," मावशी म्हणाली. "पण मग या दाराशी पुन्हा येऊ नकोस." आणि तिच्या पाठीमागे दार ओढून घेतलं. पोरीच्या पिशवीत चार कपडे होते आणि एक कॅसेट होती. कपड्यांच्या ढिगात टेपरेकॉर्डर लपवून तिनं मावशीची ती चाल चोरून टेप केली होती.

मग बऱ्याच वर्षांनी मी आले. तिचं गाणं कशातच बसेना. पॉप म्हणावं तर मध्येच गळा असा भरून यायचा की जाणकार म्हणायचे, हे सोल, काळजातून येणारं गाणं. तेवढ्यात मागून जॅझचा सॅक्सोफोन यायचा, आणि त्यातूनच अंगाईसारखं काहीतरी डोकवायचं. कंपनीचे साहेब वैतागले. "बाई, काहीतरी एक ठरवा," म्हणाले. ती म्हणाली, "माझ्या मावशीच्या टेबलावर डॉक्टरचा कोट, वेटरचा शर्ट आणि शाळेचा गणवेश एकावर एक पडलेले असायचे. मी तिथे वाढलेय. मला वेगवेगळं करता येत नाही."

माझं शेवटचं गाणं सुरू होतं ते त्या कॅसेटवरच्या गुणगुणण्यानं. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, "मागे फस् फस् होतंय, काढून टाकू?" ती म्हणाली, "इस्त्रीची वाफ आहे ती. राहू दे." मग मावशीच्या आवाजात आपला आवाज मिसळून ती गाते, आणि गाता गाता विचारते, 'दार ओढून घेतलंस तू, पण कडी लावलीस का गं?' त्यानंतर कुणी गात नाही. नुसती वाफ आणि इस्त्रीचे ठोके. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "इथे रिकामं वाटतंय. सॅक्सोफोन टाकूया." "नको," ती म्हणाली. "ती जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे."

एवढा मोठा प्रश्न पोटात घेऊन मी नेमकी मावशीच्याच गावातल्या एका दुकानात येऊन पडले. दुकान भाऊ-बहिणीचं. भाऊ रेकॉर्डी लावायचा, थोरली बहीण गल्ल्यावर बसायची. तिला सगळे ताई म्हणत. आम्ही दोघी सारख्याच आलो होतो, त्यातल्या दुसरीचं प्लास्टिक फोडून त्यांनी ती वाजवून पाहिली.

"पॉपमध्ये ठेवतो," भाऊ म्हणाला.

"तो सॅक्सोफोन ऐकलास का? जॅझमध्ये ठेव."

"आणि हे धप् धप् काय आहे मग? जॅझवाले मला मारायला उठतील."

"मग सोलमध्ये ठेव. पण ठेव एकदाची."

माझी ती वाजवलेली बहीण लवकरच विकली गेली. मी मात्र या खोक्यातून त्या खोक्यात फिरत राहिले. पॉपवाले मला पाहून पुढे सरकायचे, जॅझवाले कव्हर उलटून नाक मुरडायचे. सगळ्यांची थोडी थोडी असलेली मी कुणाचीच नव्हते. शेवटी भावानं मला 'इतर' लिहिलेल्या खोक्यात टाकलं. तिथे पक्ष्यांचे आवाज होते, व्यायामाच्या सूचना होत्या आणि एका भाषणाची रेकॉर्ड होती. त्या भाषणाशेजारी माझे दिवस गेले. माणसं दुकानात एकटी येतात, खोक्यांवरून बोटं फिरवतात आणि जे आधीपासून ठाऊक आहे तेच घेऊन जातात, हे मी तिथे पाहिलं.

एक दिवस एक बाई आली. अंगावरच्या कपड्यांना कडक इस्त्री, बोटांवर भाजल्याचे जुने डाग.

"एक रेकॉर्ड हवी होती."

"कुठल्या प्रकारची, मावशी?" भावानं विचारलं. मोठ्या वयाच्या बाईला तो मावशीच म्हणायचा.

"गाण्यांची."

"ते झालंच. पण पॉप, सोल, जॅझ?"

"ते मला नाही माहीत. मुलीची आहे. म्हणजे बहिणीच्या मुलीची."

त्यानं पॉप पाहिलं, सोल पाहिलं, जॅझ पाहिलं. मला स्वतःच्या हातानं कुठे टाकलंय हे तो साफ विसरला होता. मी हातभर अंतरावर होते. ती गेली, पुन्हा आली, पुन्हा रिकाम्या हातानं गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं कुणाला काही विचारलं नाही. एकेक खोकं स्वतः चाळत ती माझ्यापर्यंत पोचली. कव्हरवर गायिकेचा पांढऱ्या शर्टातला मोठा फोटो आहे. मावशी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"कॉलर बघा कशी केलीय," ती शेवटी म्हणाली. "इतकं शिकवलं, पण नाही ते नाहीच."

पिशवीत घालता घालता भावानं विचारलं, "मशीन कुठलं आहे तुमच्याकडे?"

"आहे एक," मावशी म्हणाली.

मी हरखून गेले. आता वाजणार, आता स्वतःला ऐकणार. घरी पोचल्यावर कळलं की त्या घरात मशीन म्हणावं असं एकच होतं, बटणं लावून द्यायचं शिलाईचं. मावशीनं आपल्या हयातीत कुणाला 'माझ्याकडे नाही' असं म्हटलेलं नव्हतं, ते ती रेकॉर्डच्या दुकानात कशाला म्हणेल?

तिनं मला तयार कपड्यांच्या वरच्या फळीवर उभं केलं. वरचं प्लास्टिकही काढलं नाही. नव्या कपड्याची घडी उगाच मोडायची नाही, असा तिचा शिरस्ता. इस्त्री करता करता ती कव्हराशी बोलायची. गिऱ्हाईक कसं चिडलं, पाणी कसं गेलं, गुडघा कसा धरलाय. मग कॉलर हातात आली की गुणगुणायची. तीच चाल माझ्या अंगावर होती. ती खाली, मी वर, दोघींकडे एकच गाणं, आणि दोघी एकट्या. मला फार वाईट वाटायचं.

आणि मग फोन आला. फोन जुना होता, पलीकडचं बोलणं दुकानभर ऐकू यायचं.

"मावशी, मी बोलतेय."

इस्त्री टेबलावर उभी राहिली. "हं. बोल."

"माझी रेकॉर्ड निघालीय."

"माहितेय. घेतली मी."

"विकत घेतलीस?" तिचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला. "मी पाठवणार होते गं. धीर झाला नाही. ऐकलीस?"

मावशीनं वर माझ्याकडे पाहिलं. मशीन नाही, एवढे दोनच शब्द बोलायचे होते.

"ऐकली तर. चांगली आहे."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग?"

"मग काय? म्हटलं ना, चांगली आहे. कॉलर जरा नीट करत जा."

 मी फळीवर आक्रोश करत होते. अगं, तिला सांग, तू ऐकलेलं नाहीस. पण सुईशिवाय मी मुकी.

"बरं," पलीकडून भाची म्हणाली. "ठेवते मग."

ती गावोगाव कार्यक्रम करत फिरते, आज या हॉटेलात तर उद्या त्या. तिचा नंबर मावशीकडे नव्हता. फोन आला तरच बोलणं व्हायचं, आणि त्यानंतर फोन आला नाही.

मावशी काही मूर्ख नाही. 'मग?' असं भाचीनं का विचारलं, हे ती फोटोला पुन्हा पुन्हा विचारत राहिली. तिचं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या पँटला तिनं दोन चुण्या पाडल्या, जे तिच्या हातून कधी झालं नव्हतं. शेवटी एका सकाळी तिनं मला स्वच्छ उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं, दुकान बंद केलं आणि रेकॉर्डच्या दुकानात गेली.

"माझ्याकडे मशीन नाही," ती ताईला म्हणाली. म्हणताना मान खाली होती.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात..." भावानं तोंड उघडलं. ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

मावशीनं स्वतःच्या हातानं माझं प्लास्टिक काढलं. ताई पहिल्यापासून लावायला निघाली, तर ती म्हणाली, "शेवटचं लावा. तेवढंच."

सुई टेकली. माझ्या जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं होतं आनंद होईल, पण आधी भीतीच वाटली. मग वाफेची फस् फस् आली, ठोके आले, आणि मिटल्या ओठांचं गुणगुणणं सुरू झालं.

"हे कोण?" मावशीनं विचारलं.

"कुणीतरी वयस्क बाई आहे," भाऊ म्हणाला. "गळा तयार नाही, पण सूर पक्का आहे."

 मावशीनं काउंटरची कड धरली. ताई तिच्या तोंडाकडे बघत होती, तिच्या सगळं लक्षात आलं. मग भाची गायला लागली, मावशीच्या आवाजाला आवाज लावून, आणि तिनं विचारलं, 'दार ओढून घेतलंस तू, पण कडी लावलीस का गं?'

पुढे ती रिकामी जागा आली. नुसती वाफ. त्या जागेत मावशी म्हणाली, "नाही गं. नुसतं ओढलं होतं. संध्याकाळपर्यंत येशील वाटलं."

कित्येक वर्षं तयार असलेलं उत्तर होतं ते, अगदी वेळेवर आलं, आणि ते धरून ठेवायला मी कामाची नव्हते. आम्हाला फक्त बोलता येतं. ऐकलेलं अंगावर घेता येत नाही. गाणं पुढे गेलं आणि संपलं.

कव्हरामागे कंपनीचा पत्ता होता. ताईनं कागद दिला, मावशीनं त्यावर लिहिलं, 'कडी लावलेली नाही.' खाली लिहिलं, 'मावशी.' पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं. त्यात कव्हरवरचाच फोटो होता आणि 'आपल्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार' असा मजकूर. सहीसुद्धा छापील. त्या ऑफिसात चाहत्यांची पत्रं पोत्यानं येत असतील, त्यात एका कडीची गोष्ट कुणाच्या ध्यानात येणार? मावशीनं तो फोटो माझ्याशेजारी ठेवला. फाडला नाही.

ताईनं आपल्याकडचं जुनं मशीन मावशीला देऊन टाकलंय. रोज संध्याकाळी शेवटचा शर्ट घडी करून झाला की मावशी मला लावते. फक्त शेवटचं गाणं. बाकीची गाणी अजून कोरी आहेत, त्यातल्या एकातला सॅक्सोफोन मी दुकानात बहीण वाजली तेव्हा ऐकला होता, तो इतका सुरेख आहे की काय सांगू, पण तिच्यापुढे माझं काय चालणार? ती प्रश्नापर्यंत उभी राहते, त्या जागेत आपलं उत्तर देते, मग मशीन बंद करते. दुकानाचं दार ती ओढून घेते, आणि कडीला हात लावत नाही. शेजारचा शिंपी तिला चोरांची भीती घालतो. ती म्हणते, "शर्ट चोरून चोरून किती चोरतील?"

पण मी झिजत चाललेय. रोज सुई एकाच जागेवरून फिरते. गुणगुणणं आता खरखरतं, आणि प्रश्नातला 'कडी' हा शब्द जवळजवळ पुसला गेलाय. हळूहळू तो सगळाच जाईल. मग मावशी कशाला उत्तर देईल, ते मला माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी माझी एखादी बहीण असेल. बघा, कुठल्यातरी भलत्याच खोक्यात असेल. तिचं शेवटचं गाणं एकदा लावा. आणि ती गायिका तुमच्या गावात गायला आली, तर गाणं संपल्यावर सही मागू नका. पुढे जा आणि तिला एवढंच सांगा, दार नुसतं ओढलेलं आहे. ढकललं तर उघडेल.