नऊ की साडेआठ

मी एक ब्युरेट बोलतेय. हातभर लांबीची, बोटाएवढी जाड काचेची नळी. अंगावर शून्य ते पन्नास मिलिलिटरच्या रेघा आणि खाली तोटी. माझं शून्य वरच्या टोकाला असतं. माझ्यात किती उरलं ते मी सांगत नाही, माझ्यातून किती गेलं ते सांगते. या उलट्या मोजणीने लोक गोंधळतात. सध्या मात्र गोंधळले आहे ती मीच.

माझा जन्म भट्टीत झाला म्हणे. मला आठवत नाही. आठवते ती शाळेची प्रयोगशाळा. मुलं माझ्यासमोर एक डोळा मिटून गंभीरपणे उभी राहायची आणि मग शेजारच्याच्या वहीतला आकडा उतरवायची. एकदा नळाला आपटून माझ्या तोंडाची कपची उडाली आणि मला मोडीत काढलं. प्रयोगशाळेत काम करणारे बाबा मला रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले. त्यांच्या घरी सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणते.

घरी म्हणजे गाडीच्या खोलीत. तिथे दोन माणसांची, बसकी, जुनी स्पोर्ट्स कार होती. बाबांनी तिचा नुसता सांगाडा आणला होता. सुट्टीच्या दिवसांत काम करत अकरा वर्षांनी ती उभी राहिली. माझं काम तिच्या इंजिनाच्या हेडशी, म्हणजे सिलिंडरवरच्या जड झाकणाशी. त्याला आतून प्रत्येक सिलिंडरसाठी एक खळगा असतो. पिस्टन वर आला की हवा आणि पेट्रोल त्या खळग्यात दाबलं जातं. किती पट दाबलं जातं, तो कंप्रेशन रेशो. बाबांनी खळगे मोजले, गणित केलं आणि वहीत लिहिलं : ‘नऊ. दोनदा तपासले.’

बाबा गेले. चार वर्षं मी भिंतीवर धूळ खात होते.

यंदा व्हॉल्व गळतात म्हणून ताईने, बाबांच्या थोरल्या मुलीने, हेड उतरवलं. बाबांनी स्वतःच्या हाताने बसवलेले, ठिणगी पाडणारे चार प्लग तिने अलगद काढले, पुसले आणि कापसात गुंडाळून एका डब्यात ठेवले. “यांना रॉकेल लागू द्यायचं नाही,” असं ती स्वतःशीच म्हणाली. प्लगच्या भोकांना तिने बाहेरून रबरी बुचं लावली. व्हॉल्व दुरुस्त झाल्यावर हेड उलटं ठेवलं, खळग्यावर भोक पाडलेली पारदर्शक पट्टी ग्रीसने चिकटवली आणि माझी तोटी सोडली. थेंबाथेंबाने रॉकेल उतरत गेलं. खळगा काठोकाठ भरला तेव्हा मी शेहेचाळीसवर होते.

ताईने गणित केलं. हेडखाली बसणाऱ्या गॅस्केटची आणि पिस्टनवरची जागा वहीप्रमाणे सात, म्हणजे एकूण त्रेपन्न. पिस्टन सरकतो ती जागा चारशे. चारशे त्रेपन्न भागिले त्रेपन्न. साडेआठ!

धाकटा भाऊ दारात चहा पीत उभा होता. “बाबांनी थोडं वाढवून लिहिलं असेल गं. आपल्या गाडीचं कौतुक कोण कमी करतं?”

“बाबांनी? माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी जे गुरुजींची बेरीज तपासायचे, त्यांनी?”

“मग ही फुटक्या तोंडाची बया खोटारडी.”

मी हादरले. खरंच मी खोटं बोलतेय की काय? ताईने मला पुसलं, माझ्यातून शेहेचाळीस मिलिलिटर पाणी एका वाटीत काढलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. वाटीचं वजन वजा जाता शेहेचाळीस ग्रॅम. मी खरी ठरले. पण मी खरी ठरले म्हणजे बाबा खोटे ठरले. यात आनंद मानायचा कसा, मला समजेना. ताईने वही मिटली. तिचा चेहरा मला बघवला नाही.

नऊ गाठायला खळगा लहान करायचा तर हेड घासून घ्यावं लागणार होतं. तिने वर्कशॉपवाल्या टर्नरकाकांना फोन लावला. त्यांचा आवाज खोलीभर घुमला, “हेड आधीच पातळ आहे, ताई. एकदाच घासता येईल. किती काढायचं ते नक्की करून सकाळी आणा. काढलेलं मला परत चिकटवता येत नाही!”

ताई हेड गोणपाटात बांधू लागली. तेवढ्यात आई तणतणत आली. तिच्या हातात एक शर्ट होता.

“माझा बटणांचा डबा कुणी उचलला? अर्धा तास शोधतेय!” तिने फळीवरचा डबा उघडला. “अगंबाई, प्लगांना गादी-उशी?”

“असू दे गं आई. बाबांच्या हातचे आहेत. मोजताना खराब झाले असते.”

“मोजताना? म्हणजे हे न बसवताच मोजलंस?” आईने शर्ट खांद्यावर टाकला. “ते मोजायचे तेव्हा उजेडासाठी बॅटरी कोण धरायचं? मीच ना! प्लग घट्ट बसवल्याशिवाय ते या नळीला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, भोक रिकामं ठेवलं तर तेसुद्धा मोजलं जातं.”

धाकट्याने गोणपाट सोडलं. ताईने बाबांचे प्लग एकेक करून जागेवर बसवले. मला पुन्हा शून्यापर्यंत भरलं. मी उतरत गेले. चाळीस. बेचाळीस. खळगा भरला. त्रेचाळीस.

त्रेचाळीस आणि सात, पन्नास. चारशे पन्नास भागिले पन्नास.

“नऊ,” धाकटा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, जरा ओशाळून, “सॉरी हं, बाई.”

ताईने टर्नरकाकांना फोन केला, “काका, उद्या येत नाही. घासलं असतं तर साडेनऊ झाले असते.” मग तिने वही उघडली आणि बाबांच्या ओळीखाली लिहिलं : ‘नऊ. तिसऱ्यांदा तपासले.’

आता मी परत भिंतीवर आहे. शेहेचाळीस म्हणाले तेव्हाही मी खरी होते, त्रेचाळीस म्हणाले तेव्हाही खरीच. हा गुंता मला अजून सुटलेला नाही. बाबांच्या वस्तू इतक्या मायेने जपल्या, आणि त्या जपण्यानेच बाबा खोटे ठरत होते, हे तर त्याहून कळत नाही. माझं एवढंच मागणं : पुढच्या वेळी आकडा जुळला नाही, तर मला खोटारडी म्हणण्याआधी घरातले सगळे डबे उघडून बघा.

काल इंजिन सुरू झालं. भिंत थरथरली, तशी मीही. आई हातात विझलेली बॅटरी घेऊन गाडीजवळ उभी होती. भर दुपारी तिने ती का आणली होती, हे मात्र मला लगेच कळलं.